सर्व काही आपोआप होईल : ऑटोमेशन कंपनीत नव्यानं रुजू होणाऱ्यांसाठी पुस्तिका

अभिनंदन. तुमची निवड झाली आहे. कारखान्यातली यंत्रं माणसावाचून चालावीत म्हणून आपली कंपनी आहे, आणि या कामाला आपल्याकडे बारा महिने माणसं कमी पडतात. म्हणूनच मुलाखतीत तुम्हाला फारसं काही विचारलं नाही. टू-व्हीलर येते का आणि घरचे बाहेरगावी राहू देतात का, एवढंच विचारलं. दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ महिनाभरात कळेल.

ही पुस्तिका कामाला लागण्यापूर्वी वाचायची असा नियम आहे. प्रत्यक्षात सगळे ती एसटीत वाचतात, कारण रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी साइटवर पाठवणी झालेली असते.

ऑफिस सापडण्याविषयी

आपलं ऑफिस आरे कॉलनीत, रॉयल पाम्सच्या अंगाला आहे. पत्ता सांगितला की क्लायंट फोनवर जरा थांबतो. आरे म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे म्हैस उभी राहते, नाहीतर छोटा काश्मीरची शाळेची सहल, नाहीतर झाडांचं आंदोलन. इथे बसून कोणी पीएलसीचे, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या डब्याचे, प्रोग्रॅम लिहीत असेल यावर त्याचा विश्वास बसत नाही. त्याला पटवत बसू नका, लोकेशन पाठवून द्या.

गोरेगाव पूर्वेहून यायचं तर दिनकरराव देसाई मार्गानं, बस मिळाली तर बसनं, नाहीतर शेअर रिक्षानं. अंधेरीकडून मरोळ-मरोशीचा रस्ता आहे. ऑक्टोबर २०२४ पासून मेट्रो ३ चं आरे जेव्हीएलआर स्टेशनही आहे; २७ स्टेशनांच्या या भुयारी मार्गावर जमिनीवर असलेलं हे एकच. याच मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात झाडं पाडायला घेतली आणि सर्वोच्च न्यायालयानं हात धरेपर्यंत दोन हजारांवर पडलीसुद्धा. या विषयावर ऑफिसात दोन तट आहेत. जेवणाच्या सुट्टीत तो काढू नका, डबा गार होतो.

मेट्रोनं येत असाल तर मोबाइल खिशात ठेवून भुयारी स्टेशनात फलाटाच्या कडेची काचेची दारं बघा. फलाटाची दारं आणि गाडीची दारं, दोन्ही मिटून पक्की बसली असा सिग्नल मिळेपर्यंत गाडी हलत नाही. याला इंटरलॉक म्हणतात. एक गोष्ट झाल्याची खात्री होईपर्यंत दुसरी होऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं मर्म, आणि आपला निम्मा धंदा यावर चालतो. उरलेला निम्मा धंदा, कोणीतरी घाईत काढून टाकलेला इंटरलॉक पुन्हा जागेवर बसवण्यावर चालतो.

संध्याकाळी उशीर झाला तर एकट्यानं चालत मुख्य रस्ता गाठायला जाऊ नका. बिबट्या इथला जुना रहिवासी आहे, आणि २०२१ साली इथे माणसांवर लागोपाठ हल्ले झालेले आहेत. चौघे मिळून निघा, टॉर्च लावा, बोलत चला. या पुस्तिकेतला हा एक परिच्छेद गंमत म्हणून लिहिलेला नाही.

जागेचा इतिहास, कारण क्लायंट विचारतात

१९४९ साली मुंबई सरकारच्या दूध खात्यानं शहरातले गोठे हलवायला सुरुवात केली. भर वस्तीत म्हशी, शेणाचे ढीग, दुधात पाणी, अशी तेव्हाची तऱ्हा. दारा खुरोडी हे या योजनेमागचे गृहस्थ. त्यांनी गोरेगावच्या डोंगरउतारावर म्हशींची वसाहत उभी केली, आणि १९५१ मध्ये पंडित नेहरू येऊन तिचं उद्घाटन करून गेले. म्हशीच्या दाट दुधातला स्निग्धांश कमी करून ते जास्त लोकांना पुरवायचं, ही टोन्ड दुधाची युक्तीही खुरोडींच्याच नावावर आहे. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मिळाला. पुढे कुरियन घराघरांत पोचले आणि खुरोडी विस्मरणात गेले. आपल्या धंद्यातही असंच होतं: वायरिंग करणाऱ्याचं नाव कुठेच येत नाही, स्क्रीनवर लोगो मात्र चांगला मोठा येतो.

आरेची बाटली ज्यांनी पाहिली आहे ते अजून तिच्या पातळ चकचकीत झाकणाविषयी हळवे होऊन बोलतात. दूध तापवणं, थंड करणं, बाटलीत भरणं, झाकण दाबणं, हे सगळं यंत्रावर. पण त्या साखळीच्या पहिल्या टोकाला पहाटेच्या अंधारात कोणीतरी उकिडवं बसून हातानं धार काढत होतं, आणि इथल्या तबेल्यांत अजूनही काढतं. रोज कामावर येताना हे दिसतं. आपल्या ब्रोशरमध्ये ‘पूर्णतः स्वयंचलित’ असं छापलेलं दिसलं की ती साखळी आठवा आणि पहिलं टोक शोधा. ते नेहमी असतं.

शेजारी १९७३ पासून सीप्झ आहे, पलीकडे पवईला एल अँड टी, खाडीपल्याड कळव्याला सीमेन्स. तिथे डिझाइन करणारा वेगळा, प्रोग्रॅम लिहिणारा वेगळा, साइटवर जाणारा वेगळा. आपल्याकडे या तिघांना मिळून तुमचं नाव आहे.

लागणारं साहित्य

लॅपटॉप कंपनी देईल. त्यावर नवं विंडोज असेल, त्याच्या पोटात जुनं विंडोज एक्सपी चालत असेल, आणि त्याच्याही पोटात पंधरा वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर. महाराष्ट्रातले कितीतरी कारखाने या सॉफ्टवेअरच्या भरवशावर चालतात आणि त्याची लायसन्स-चावी एकाच पेनड्राइव्हसारख्या तुकड्यात आहे. तो तुकडा हरवला तर ऑफिसात परतू नका, परस्पर गावी जा.

मल्टिमीटर स्वतःचा घ्या. कंपनीचा आहे, पण त्याचा ‘टीं’ आवाज गेलेला आहे, आणि आवाजाशिवाय कंटिन्युइटी तपासणं म्हणजे एक डोळा वायरवर, एक मीटरवर आणि तिसरा नाही. बारका स्क्रूड्रायव्हर, क्रिम्पिंगचा पाना, फेरूलची पाकिटं, केबल-टायची जुडी. सुटे भाग लॅमिंग्टन रोडला, वायर आणि ग्लँड लोहार चाळीत, पाने नागदेवीला. यादी घेऊन जा आणि दुकानदारासमोर ‘चालेल तसलं द्या’ हे वाक्य उच्चारू नका. तो देईल, आणि ते चालेलही, तुम्ही साइट सोडेपर्यंत.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे यूएसबी-टू-सिरियल केबल. काळी, हातभर लांब, दिसायला भिकार. कोणी मागितली तर ‘साइटवर राहिली’ म्हणा.

पायरी पहिली : काय माहीत असावं

फारसं काही नसलं तरी चालतं, पण दोन गोष्टी हाडात मुरवा.

पहिली चार ते वीस मिलिअँपची. टाकीतली पातळी, वाफेचा दाब, दुधाचं तापमान, काहीही असो, ते प्लँटमधून पॅनेलपर्यंत ४ ते २० मिलिअँपचा करंट होऊन येतं. ४ म्हणजे टाकी रिकामी, २० म्हणजे भरलेली, १२ म्हणजे अर्धी. नवीन मुलं विचारतात, शून्यापासून का नाही? कारण टाकी रिकामी असली तरी तारेत ४ मिलिअँप वाहत राहतात. उंदरानं तार कुरतडली तर शून्य येतो. म्हणजे ‘काही नाही’ आणि ‘काही कळत नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. ज्यानं हे ठरवलं त्याला माझा दंडवत. ऑफिसच्या मीटिंगांत ही सोय नाही. तिथे गप्प बसलेला माणूस सहमत आहे की त्याची तार तुटली आहे, हे कळायला मार्ग नसतो.

दुसरी लॅडरची. पीएलसी येण्यापूर्वी कारखान्यात भिंतभर कपाटं असायची आणि त्यांत शेकडो रिले टकटकत असायचे. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात दरवर्षी गाडीचं मॉडेल बदललं की ती कपाटं उचकटून नव्यानं तारा ओढाव्या लागत. त्यावर तोडगा म्हणून १९६८-६९ च्या सुमारास डिक मॉर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉडिकॉन ०८४ नावाचा डबा बनवला. ०८४ का, तर तो त्यांच्या कंपनीचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता म्हणून. नावं ठेवण्याची ही पद्धत मला फार आवडते. त्या डब्याचा प्रोग्रॅम मुद्दाम शिडीसारखा, रिलेच्या जुन्या नकाशासारखा दिसेल असा ठेवला, म्हणजे रात्रपाळीच्या इलेक्ट्रिशियनला तो वाचता येईल. ज्या माणसाच्या हातात शेवटी टेस्टर असणार, त्याला कळलं पाहिजे, हा हिशोब होता. तुम्हीही प्रोग्रॅममध्ये कॉमेंट लिहा. ‘टेम्प१’, ‘टेम्प२’, ‘टेम्प_नवीन’ अशी नावं ठेवून नोकरी सोडून गेलेल्या तुमच्या आधीच्या मुलाचा उद्धार तुम्ही करणार आहातच. तुमच्या नंतरच्याला तेवढी संधी देऊ नका.

आणि एक चिल्लर सूचना: लॅपटॉपमधून पीएलसीत टाकणं म्हणजे डाउनलोड, पीएलसीतून काढून घेणं म्हणजे अपलोड. मोबाइलवर वाढलेल्या पिढीला हे उलटं वाटतं. चुकीचं बटण दाबलंत तर चालू प्लँटवर दोन वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम चढेल. त्यानंतर ही पुस्तिका उपयोगाची नाही.

पायरी दुसरी : फॅट

पॅनेल वसईच्या गाळ्यात तयार होतं. क्लायंटची माणसं ते बघायला येतात, त्याला फॅट म्हणतात. टेबलावर बटणांचा एक बोर्ड ठेवायचा, बटण दाबलं की पंप चालू झाला असं समजायचं, हिरवा दिवा लागतो, क्लायंट मान डोलावतो. फॅटच्या दिवशी सगळं चालतं, कारण फॅटच्या दिवशी प्लँट नसतो.

दुपारी जेवण चांगलं ठेवा. मोठे साहेब पंजाबी मागवतील, पण क्लायंटच्या मेंटेनन्सवाल्याला हळूच विचारा. त्याला माशाचं ताट हवं असतं. जेवणानंतर तो फिल्मसिटी कुठे आहे विचारील. ऑफिसकडे परतताना लांबून दाखवा.

पायरी तिसरी : पहिली साइट, डेअरी

गेटवर तुमच्या सामानाची यादी होईल. लॅपटॉपचा नंबर, मीटर, पाने, सगळं वहीत. आत नेताना लिहिलेलं नाही ते बाहेर नेता येत नाही. तुमचा अकरा नंबरचा पाना तुमचाच आहे हे सिद्ध करण्यापेक्षा तो तिथेच सोडून येणं सोपं पडतं. कित्येक प्लँटमध्ये आपल्या कंपनीच्या पान्यांवरच मेंटेनन्स चालतो. सिक्युरिटीवाल्याला ‘काका’ म्हणा. रात्री अडीचला गेट तोच उघडणार आहे.

आता पाश्चरायझरजवळ उभे राहा. दूध ७२ अंशांपर्यंत तापवायचं आणि त्या तापमानाला किमान १५ सेकंद धरून ठेवायचं, मग झटकन गार करायचं. हे १५ सेकंद म्हणजे एक वळणावळणाची स्टीलची नळी. तिच्यातून जायला दुधाला तेवढा वेळ लागतो. नळीच्या शेवटी तापमानाचा सेन्सर बसवलेला असतो. तो पीटी-१०० असतो, शून्य अंशाला बरोबर १०० ओहम, ७२ ला १२८ च्या आसपास. आणि त्याच्या पुढे एक व्हॉल्व्ह. तापमान पुरेसं असेल तर दूध पुढे, नसेल तर मागे, पुन्हा तापायला. हवा गेली, वीज गेली, तार तुटली, काहीही बिघडलं तरी स्प्रिंगच्या जोरावर व्हॉल्व्ह ‘मागे’ याच बाजूला पडतो. कच्चं दूध चुकूनही पिशवीत जाता कामा नये, म्हणून यंत्राला संशयी बनवलेलं असतं.

पहिल्या रात्री हा व्हॉल्व्ह वेड्यासारखा पुढे-मागे, पुढे-मागे करू लागेल. स्क्रीनवर तापमान ७१.८, ७२.१, ७१.९. तुम्ही लॅपटॉप उघडाल, ट्यूनिंगचे आकडे बदलाल, थोडं बरं वाटेल, पुन्हा तेच. पुण्याला फोन लावाल, तिकडचा तज्ज्ञ झोपेत ‘डेरिव्हेटिव्ह काढून टाक’ म्हणेल. तुम्ही काढाल. काही होणार नाही.

मग तिथे असलेल्या जुन्या ऑपरेटरकडे बघा. प्रत्येक प्लँटमध्ये एक असतो. सगळे त्याला मामा म्हणतात. मामा व्हॉल्व्हकडे बघत नसतो, तो ऐकत असतो. नीट चाललेला व्हॉल्व्ह ‘फस्स’ करून एकदाच श्वास सोडतो. हा ‘फस्, फस्, फस्’ असा दमेकऱ्यासारखा सोडतोय. मामा कॉम्प्रेसरच्या लाइनचा ड्रेन उघडतो आणि जमिनीवर तांब्याभर पाणी पडतं. पावसाळ्याची हवा, ड्रायर बंद, नळीत पाणी, व्हॉल्व्हला जोर पुरत नाही. मामा ड्रेन बंद करतो, व्हॉल्व्हच्या मानेवर पान्याच्या मागच्या टोकानं एक टिचकी मारतो, आणि चहाला जातो.

तुम्ही रिपोर्टमध्ये लिहायचं: ‘लूप ट्यूनिंग करून समस्या दूर केली.’ सगळे असंच लिहितात. पण मामासाठी चहासोबत काहीतरी मागवा, आणि ड्रायर दुरुस्त करायला लावा.

याच ठिकाणी कोणीतरी तुमच्या कानाशी येऊन म्हणेल, ‘साहेब, टँकर उभा आहे, पंधरा मिनिटांपुरता जंपर टाका ना.’ म्हणजे व्हॉल्व्हला कायम ‘पुढे’ ठेवा. टाकू नका. बाकी सगळ्या बाबतीत नवशिक्यानं ‘हो साहेब’ म्हणावं, इथे म्हणू नये. पंधरा मिनिटांचे जंपर पंधरा-पंधरा वर्षं राहतात, त्यांच्यावर धूळ बसते, नवा माणूस त्यालाच मूळ वायरिंग समजतो, आणि त्या दुधाची पिशवी कोणाच्या तरी घरी लहान मुलासाठी फोडली जाते. मोठ्या साहेबांना फोन करा, त्यांनीही ‘टाक’ म्हटलं तर तसा मेल पाठवायला सांगा. मेल येत नाही.

पायरी चौथी

ही पायरी कोटेशनमध्ये होती. फायनल रेट ठरताना कापली गेली.

पायरी पाचवी : साखर कारखाना

महाराष्ट्रात साखर कारखाने दोनशेच्या आसपास आहेत आणि आपल्या धंद्याची दिवाळी त्यांच्याकडे होते, म्हणजे आपल्या घरी होत नाही. बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं, गव्हाणीत मोळी पडली, की मार्च-एप्रिलपर्यंत कारखाना थांबता कामा नये. यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं, सगळी एकाच वेळी. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की वजन घटतं आणि उतारा पडतो, त्यामुळे तुमच्या सॉफ्टवेअरनं गाळप अर्धा तास थांबवलं तर त्याची बातमी तुमच्या मोठ्या साहेबांच्या आधी तालुक्याला कळते.

प्रदीपनाला आणि मोळी टाकायला चेअरमन सपत्नीक पूजेला बसतात, संचालक मंडळ मागे उभं असतं, फोटोत तुम्ही नसता. त्याच वेळी तुम्ही केबल-ट्रेवर पालथे पडून आदल्या रात्रीपासून न सापडलेली एक तार शोधत असता. भटजींनी ‘शुभमंगल’ म्हणायच्या आत स्क्रीनवर आकडा दिसला पाहिजे, असं चीफ इंजिनिअर साहेबांनी सांगितलेलं असतं. ते लग्नात म्हणतात, हे त्यांना आत्ता सांगू नका.

बॉयलरच्या ड्रमची पातळी सांभाळणं हे तिथलं मुख्य काम. पाणी कमी झालं तर नळ्या जळतात, जास्त झालं तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये शिरतं. नुसती पातळी पाहून भागत नाही, कारण वाफेची मागणी एकदम वाढली की दाब पडतो, ड्रममधलं पाणी फुगतं आणि पातळी खोटीच वर दिसते. म्हणून पातळी, बाहेर जाणारी वाफ आणि आत येणारं पाणी, या तिन्हींवर मिळून व्हॉल्व्ह चालवायचा. तुम्ही चार दिवस बसून हे जमवाल. आलेख सरळ रेषेत येईल. तुम्ही त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकाल, अंगठे येतील.

तुम्ही गेटबाहेर पडून एसटी स्टँडवर पोचता न पोचता, तोवर बॉयलर अटेंडंटनं लूप ‘मॅन्युअल’वर टाकलेला असेल.

रागावू नका. अटेंडंटला सरकारी परीक्षेचं सर्टिफिकेट आहे, बॉयलरला काही झालं तर त्याला जाब विचारतील, तुमच्या प्रोग्रॅमला नव्हे. शिवाय त्याला खिडकीतून दिसतं की पहाटे पाऊस पडून गेला आहे आणि आता येणारा बगॅस, म्हणजे बॉयलरमध्ये जळणारा उसाचा चोथा, ओला आहे. ओला बगॅस धुमसतो, वाफ पडणार, हे त्याला अर्धा तास आधी कळलं. तुमच्या तिन्ही सेन्सरना ते पडल्यावर कळणार. त्याच्याशेजारी दोन पाळ्या बसा. तो ‘मॅन्युअल’ कधी दाबतो आणि परत ‘ऑटो’वर कधी येतो, हे वहीत लिहा. जमलं तर बगॅसच्या ओलीसाठी एक बटण स्क्रीनवर द्या: ‘कोरडा’, ‘ओला’. कोणत्याही विद्यापीठाच्या पुस्तकात हे बटण नाही. माझ्या माहितीत, आपण दिलेल्या बटणांपैकी रोज नियमानं दाबलं जाणारं हेच एक.

मुक्कामाची सोय कारखान्याच्या गेस्ट हाउसवर असते. संचालक आले की तुम्हाला कामगार वसाहतीत हलवतात. तिथे जेवण जास्त बरं मिळतं.

खंडेनवमीची विशेष सूचना

त्या दिवशी सगळीकडे आपली पॅनेलं पुजली जातात. झेंडू, हळदकुंकू, दारावर गंधाचं स्वस्तिक, पुढ्यात नारळ. विरोध करू नका. फक्त पॅनेलचं दार बंद ठेवून पूजा करायला सांगा, पंख्याच्या जाळीवर कुंकू टाकू देऊ नका आणि नारळ केबल-ट्रेंचपासून लांब फोडायला सांगा. नारळपाण्यातून वीज उत्तम वाहते. ऑफिसात आदल्या दिवशी लॅपटॉपही पुजायला ठेवतात. तेवढा एक दिवस त्यावर कोणी काम करत नाही, असं म्हणतात. मी साइटवर असतो, मला खात्रीनं सांगता येणार नाही.

फोनवरची मदत

प्लँट सुरू झाला, सही मिळाली, शेवटच्या दहा टक्के पैशांसाठी मोठ्या साहेबांच्या फेऱ्या सुरू झाल्या. तुम्ही आरेत परतलात, बाहेर पाऊस आहे, तबेल्याकडून गवताच्या टेम्पोंची रांग चालली आहे. आता तुमचा फोन वाजेल. वेळ साधारण रात्रीच्या जेवणाची किंवा पहाटेची. पुढील क्रम पाळा.

पलीकडून ‘साहेब, तुमची सिस्टिम बंद पडली’ असं सांगतील. चालत असताना ती त्यांची असते, बंद पडल्यावर तुमची होते. हे वाक्य मनाला लावून घ्यायचं नाही.

विचारा, ‘स्क्रीनवर काय दिसतंय?’

‘काही नाही. काळी.’

‘पॅनेलमध्ये दिवे आहेत?’

‘एक लाल आहे.’

‘कुठला लाल?’

‘तो, त्या बाजूचा.’

फोटो मागवा. फोटो येईल, त्यात बोटच येईल. दुसरा मागवा. दरम्यान शांतपणे विचारा की इमर्जन्सीचं लाल बटण कोणी दाबलंय का. ‘नाही नाही, कोण कशाला दाबेल’ असं उत्तर येईल. ते बटण पॅनेलच्या दारावर, बरोबर डबा टांगण्याच्या उंचीवर असतं, हे तुम्ही पाहिलेलं आहे. साइटवर असताना तुम्हीच बोलला होतात की हे जरा वर घ्या, आणि ड्रॉइंग मंजूर झालंय म्हणून ते तिथेच राहिलं. तरीही थेट आरोप करू नका. म्हणा, ‘मामांना एकदा ते बटण उजवीकडे फिरवून ओढायला सांगा बरं.’

फोनमध्ये खडखडाट होईल, कोणीतरी कोणाला तरी हाक मारील, डबा काढल्याचा आवाज येईल.

‘आलं साहेब. काय केलंत तुम्ही?’

‘इकडून रीसेट मारला’, म्हणा. व्हिजिटचे पैसे लावता येत नाहीत, पण वार्षिक करार वाढवून घेताना हे उपयोगी पडतं.